दोन मिनिटांत संपलेलं घड्याळ

काशीच्या समोर, गंगेच्या पूर्व काठावरच्या रामनगरमधून बोलतोय. आजचा विषय चैनीचा आहे, पण त्यातलं दुखणं कुणालाही कळेल असं आहे. महागड्या घड्याळाची मर्यादित आवृत्ती निघते. विक्री फक्त ऑनलाइन. सकाळी दहाची वेळ जाहीर होते. तुम्ही पावणेदहापासून लॅपटॉप उघडून बसता. दहाला पान अडकतं, मग उघडतं, घड्याळ टोपलीत पडतं, कार्डाचा नंबर भरता, ओटीपी यायला वेळ लागतो आणि दहा वाजून दोन मिनिटांनी पडद्यावर येतं ‘सोल्ड आउट’. दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ, डब्यासकट, कुणीतरी दीडपट किमतीला विकायला काढलेलं दिसतं.

काही जण म्हणतील, एवढ्या महाग वस्तूसाठी कसला त्रागा? बरोबर आहे, घड्याळ मिळालं नाही म्हणून कुणाची चूल अडत नाही. पण माणूस चिडतो तो नेमका कशावर, ते समजून घेऊ. हीच पद्धत पुढे रेल्वेचं तिकीट, क्रिकेटची मॅच आणि नव्या गाडीची नोंदणी इथेही भेटते.

आमच्या रामनगरच्या किल्ल्यातल्या संग्रहालयात एक मोठं खगोलीय घड्याळ आहे. एकोणिसाव्या शतकातलं, काशीनरेशांच्या दरबारासाठी केलेलं. वेळेबरोबर वार, महिना, सूर्य-चंद्र आणि नक्षत्रांची स्थिती दाखवावी अशी त्याची रचना. ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणायची तर याहून मर्यादित काय असणार? एकच नग! पण ते आपल्याला मिळालं नाही म्हणून आजवर कुणी पाय आपटलेले नाहीत, कारण ‘या, विकत घ्या’ असं बोलावणं कुणी धाडलंच नव्हतं. वस्तू दुर्मिळ असल्याचा राग येत नाही. बोलावून, रांगेत उभं करून, ती रांग कशी चालली हे न सांगता दार लावलं की राग येतो.

कंपन्या असं का करतात?

सगळ्यांचा हेतू वाईट नसतो. यांत्रिक घड्याळात हाताचं काम बरंच असतं. तबकडीवरचं मीनाकाम, भागांना पॉलिश, जुळणी ही कामं दुप्पट माणसं लावली म्हणून दुप्पट वेगाने होत नाहीत. लहान कंपनीकडे भांडवलही बेताचं असतं. दुकानदारांमार्फत विकायचं तर त्यांचा वाटा द्यावा लागतो, शिवाय गावोगाव माल अडकून पडतो. संकेतस्थळावरून थेट विकलं की दोन्ही वाचतं. आपल्याकडे २०१८ साली सुरू झालेली बँगलोर वॉच कंपनी ही अशीच ग्राहकाला थेट विकणारी छोटी कंपनी. मिग-२१ विमानावरून प्रेरणा घेतलेलं त्यांचं घड्याळ पाहून माझ्यासारख्या फौजी माणसाला बरं वाटलं.

पण दुसरं कारणही आहे. ‘इतक्या मिनिटांत संपलं’ हीच मोठी जाहिरात होते. १० जानेवारी २०१७ रोजी ओमेगाने ‘स्पीडी ट्यूसडे’ नावाचं स्पीडमास्टर घड्याळ दुकानं वगळून ऑनलाइन नोंदणीला ठेवलं. नग २०१२. चार तास पंधरा मिनिटांत सगळे संपले. पुढच्या वर्षी, जुलै २०१८ मध्ये, ‘अल्ट्रामॅन’ नावाची दुसरी आवृत्ती आली. नग पुन्हा २०१२, आणि वेळ दोन तासांपेक्षाही कमी. हे आकडे जगभर छापून आले. घड्याळ संपल्याची बातमी पुढच्या घड्याळाची गिऱ्हाइकं गोळा करते.

मग दुकानात विकलं तर प्रश्न सुटतो का? तसंही नाही. २६ मार्च २०२२ रोजी स्वॉचने ओमेगाबरोबर केलेलं ‘मूनस्वॉच’ निवडक दुकानांतच आणलं. आवृत्ती मर्यादित नाही असं कंपनी सांगत होती. तरी लंडनसारख्या शहरांत इतकी गर्दी उसळली की दुकानं बंद करावी लागली. म्हणजे दुखणं इंटरनेटमध्येच आहे असं नव्हे. दुखणं वाटपाच्या पद्धतीत आहे.

त्या दोन मिनिटांत काय घडतं?

पहिली गोष्ट, तुमच्याबरोबर रांगेत यंत्रंही उभी असतात. पान उघडलं की पत्ता, कार्डाचा तपशील क्षणात भरणारे प्रोग्राम मिळतात. त्यांना बॉट म्हणतात. एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी अनेक खाती उघडून ते चालवू शकतो.

दुसरी गोष्ट, घड्याळ टोपलीत पडलं म्हणजे तुमचं झालं, असं प्रत्येक संकेतस्थळावर नसतं. काही ठिकाणी पैसे जमा झाल्यावरच नग तुमच्या नावावर चढतो. तुम्ही पत्ता तपासत असता तेवढ्यात मागचा माणूस पैसे भरून पुढे जातो.

तिसरी गोष्ट आपल्या देशाची. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑनलाइन कार्ड व्यवहाराला ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते. फसवणूक टाळायला ती हवीच. पण शर्यत सेकंदांची असेल, तर अशी अट नसलेल्या देशातला ग्राहक आपल्या पुढे निघतो.

आता एचएमटीचं बघा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूत सुरू झालेलं हे घड्याळ लग्नात, निवृत्तीत, दहावी पास झाल्यावर हातात पडायचं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस ही कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर शौकिनांची मागणी वाढली. एचएमटीच्या संकेतस्थळावर मागणीतलं मॉडेल आलं की बघता बघता संपतं आणि मग चढ्या भावाने इतरत्र दिसतं. हे घड्याळ चैनीचं नव्हे, पण तक्रार तीच.

रांग दिसली पाहिजे

पुण्याच्या वाचकांना बजाज स्कूटरची रांग आठवत असेल. परवान्यांच्या त्या काळात उत्पादनावर मर्यादा होती, नोंदणी करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मिळालेली स्कूटर जादा पैसे घेऊन विकणारेही होते. ती व्यवस्था चांगली होती असं मी म्हणणार नाही. पण नोंदणीची पावती हातात असायची आणि आपला नंबर कुठे आहे ते विचारता यायचं. आजच्या ग्राहकाला थांबावं लागतं दोनच मिनिटं, पण त्याचा नंबर विसावा होता की वीस हजारावा, हे त्याला कधीच कळत नाही.

फौजेत एक गोष्ट पक्की शिकलो. लंगरमध्ये शेवटच्या जवानाला भाजी कमी आली तर तो कुरकुरतो आणि विसरतो. पण वाढपी मागच्या दाराने कुणाला तरी आधी वाढतोय हे दिसलं, तर आख्खी पलटण ते लक्षात ठेवते. कॅन्टीनमध्येही कुणाला काय आणि किती मिळणार हे ठरलेलं असतं. कोटा कमी असला तरी चालतो, नियम भिंतीवर लावलेला असला पाहिजे.

घड्याळ कंपन्यांना हे करता येतं. एक, चिठ्ठ्या टाकणे: दोन-तीन दिवस नावं घ्यायची आणि सोडत काढायची. बॉटच्या वेगाला तिथे किंमत उरत नाही. मात्र एका माणसाची एकच चिठ्ठी राहील हे पाहावं लागतं. दोन, ठरावीक वेळेची खिडकी: तेवढ्या वेळात जो मागेल त्याला घड्याळ द्यायचं, घडवायला महिने लागले तरी. यात आवृत्ती आधी आकड्याने बांधलेली नसते, मागणी तिला बांधते. तीन, क्रमांकाची प्रतीक्षायादी. कुठलाच मार्ग निर्दोष नाही. पण तिन्हीत हरलेल्या माणसाला आपण का हरलो ते कळतं.

तुमच्या हातात काय आहे?

घड्याळ मिळालं नाही एवढ्यावरून कायदा तुमच्या बाजूने उभा राहत नाही. मोजकेच नग काढणं हा गुन्हा नव्हे. पण खोटी टंचाई दाखवणं वेगळं. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्राने ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यातल्या तेरा फसव्या प्रकारांत खोटी घाई किंवा खोटी टंचाई भासवणं हा एक प्रकार आहे. ‘पाचशेच नग’ म्हणून विकून तेच घड्याळ मागाहून गुपचूप आणखी काढलं, तर दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा मुद्दा उभा राहतो.

पैसे गेले आणि ऑर्डर झालीच नाही, असं झालं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार, ऑनलाइन कार्ड व्यवहारात खात्यातून रक्कम वजा झाली पण विक्रेत्याकडे पुष्टी पोचली नाही, तर ती पाच दिवसांत परत यायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. पडद्याचा फोटो आणि बँकेचा संदेश जपून ठेवा.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यापुढे ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता तिथेच तक्रार दाखल करता येते. रामनगरच्या ग्राहकाला वाराणसीत आणि बेळगावच्या ग्राहकाला बेळगावातच जिल्हा आयोगाकडे जाता येतं. विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

आणि पुढच्या विक्रीआधी कंपनीला चारच प्रश्न लेखी विचारा. एकूण नग किती? त्यातले ऑनलाइन किती आणि ओळखीच्यांसाठी, दुकानांसाठी बाजूला किती? एका माणसाला किती? टोपलीत पडलेलं घड्याळ किती मिनिटं राखून ठेवता? चारही उत्तरं मिळाली तर खुशाल पावणेदहाला बसा. नशीब असेल तर मिळेल, नसेल तर राग धरायचं कारण नाही. उत्तरंच आली नाहीत, तर लॅपटॉप मिटा आणि तो वेळ दुसऱ्या कामाला लावा. ज्या रांगेचा नियम सांगत नाहीत, तिथे उभं राहायची सक्ती आपल्यावर कुणी केलेली नाही.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.