मधल्या फळीतला माणूस

भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेस उतरून उत्तनच्या रस्त्याला लागले म्हणजे वाटेत आमचे राई गाव लागते. मुंबईच्या इतके जवळ असूनही, गाव म्हणून ओळखावे असे काही त्यात अजून उरले आहे. संध्याकाळी पारावर चार म्हातारी माणसे जमतात आणि ज्याचा आपल्या संसाराशी काडीइतका संबंध नाही अशा विषयावर तावातावाने बोलतात. मागल्या पावसाळ्याच्या अखेरीस तेथे जो वाद झाला त्याचीच हकीकत आज मी आपणांस सांगणार आहे.

वादी-प्रतिवादी दोघेही माझे शेजारी. एक मूळचे गोव्यातील सासष्टीचे. जन्मभर आगबोटीवर नोकरी करून आता आमच्या गावी स्थायिक झालेले. दुसरे येथलेच, रेल्वेतून निवृत्त झालेले आणि कूपरेजच्या मैदानावर तरुणपणी पुष्कळ सामने पाहिलेले. गोव्याच्या डेंपो क्लबाचा आजवरचा सर्वोत्तम अकरा जणांचा संघ निवडावयाचा असा त्यांनी घाट घातला होता. दहा नावांवर एकमत झाले आणि अकराव्यावर गाडी अडली. ते नाव होते क्लायमॅक्स लॉरेन्स. गोवेकर म्हणत, "हा नसेल तर यादी फाडून टाका." रेल्वेवाले म्हणत, "अहो, त्याने केले काय ते तरी सांगा!" आणि मग दोघेही मजकडे वळून म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच निवाडा द्या."

मी काही फुटबॉलचा पंडित नव्हे. शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी असली की ज्याच्या गळ्यात शिट्टी पडते अशांपैकी मी एक. तथापि प्रश्न मला मोलाचा वाटला. "त्याने केले काय" हा प्रश्न आपण केवळ खेळाडूंविषयीच विचारतो असे थोडेच आहे?

प्रथम खेळाविषयी दोन शब्द. ज्यांच्या घरी फुटबॉल पाहण्याचा परिपाठ नाही त्यांना एवढेच ठाऊक असते की, बावीस माणसे एका चेंडूमागे धावतात आणि कोणीतरी गोल करतो. वस्तुतः मैदान सुमारे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते, आणि नव्वद मिनिटांच्या खेळात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू फार तर दोनतीन मिनिटे असतो. उरलेला सारा वेळ तो काय करतो? मधल्या फळीतला खेळाडू, ज्याला आमच्या लहानपणी हाफबॅक म्हणत, या काळात दहा-अकरा किलोमीटर चालतो, धावतो, थबकतो, वळतो. त्यातही जो बचावफळीच्या अगदी पुढे उभा राहतो त्याचे काम विलक्षण असते. प्रतिपक्षाचा चेंडू कोणत्या वाटेने येणार हे ओळखून त्या वाटेवर आधीच जाऊन उभे राहावयाचे. तो तेथे उभा आहे हे पाहून प्रतिपक्ष चेंडू त्या वाटेने पाठवीतच नाही. म्हणजे काम झाले, पण घडले मात्र काहीच नाही! जे घडले नाही त्याची टाळी कोण वाजविणार?

येथे आपल्या मुंबईकरांच्या परिचयाचे एक उदाहरण मनात येते. पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मले, हाच त्यांचा अपराध. भारतासाठी त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही. २०२५ च्या मार्चमध्ये ते निवर्तले तेव्हा साऱ्या मुंबईने त्यांना थोर म्हणूनच निरोप दिला. हे का शक्य झाले? क्रिकेटला वही असते म्हणून. प्रथम दर्जाच्या सामन्यांत ५८९ बळी, आणि १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात मद्रासला तमिळनाडूविरुद्ध अवघ्या १६ धावांत ८ बळी, हे आकडे कोणत्याही निवड समितीला पुसता आले नाहीत. अन्याय झाला, पण अन्यायाचा पुरावा शिल्लक राहिला. हाफबॅकच्या नशिबी तेवढेही नाही.

आता मूळ माणसाकडे वळू. पणजीच्या डेंपो क्लबाने आर्मांदो कुलासो या प्रशिक्षकाच्या हाताखाली राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले: २००४-०५ आणि २००६-०७ साली राष्ट्रीय लीगचे, व तिचे नाव आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ साली. मध्यंतरी २००८ मध्ये आशियाई क्लबांच्या ए.एफ.सी. चषकात हा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. या काळातील नावे म्हणून लोकांच्या जिभेवर कोण येतात? नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या एकाच मोसमात ३२ गोल केले. आणि ब्राझीलचा बेटो, ज्याच्या पायांत जादू होती असे फातोर्ड्याला सामने पाहिलेली माणसे सांगतात. लॉरेन्स त्यांच्या मागे उभा असे. नाव पाहावे तर क्लायमॅक्स, म्हणजे कथेचा परमोच्च बिंदू. आणि काम मात्र असे की, कथा त्या बिंदूपर्यंत दुसऱ्यांना नेता यावी. नियतीलाही कधी कधी कोटी करण्याची हौस असते!

रेल्वेवाल्यांचे म्हणणे हलके नव्हते. ते म्हणाले, "पुढे रँटी, शेजारी बेटो, मागे महेश गवळी आणि समीर नाईक. अशा संघात मधे कोणीही उभा केला असता तरी हेच झाले असते." हा आक्षेप मला चार दिवस छळीत राहिला. कारण न दिसणाऱ्या कामाची थोरवी सांगणे जितके सोपे तितकेच धोक्याचे. ज्याचे काम दिसत नाही असा प्रत्येक जण थोर असतो असे मानले, तर मैदानावर नुसता उभा राहणाराही थोर ठरेल. मग ओळखावयाचे कसे?

एक मार्ग असा की, तो माणूस काढून पाहावा. युरोपात हे एकदा घडले. स्पेनमधील रेआल माद्रिद या श्रीमंत क्लबात क्लोद मॅकेलेले नावाचा एक फ्रेंच हाफबॅक होता. २००३ साली क्लबाने इंग्लंडहून डेव्हिड बेकहॅम या सुविख्यात खेळाडूस आणले आणि त्याच उन्हाळ्यात, वेतनवाढ मागणाऱ्या मॅकेलेलेला लंडनच्या चेल्सी क्लबास विकून टाकले. त्या वसंतात माद्रिदने स्पेनची लीग जिंकलेली होती. त्यानंतर ती पुन्हा जिंकावयास २००७ साल उजाडावे लागले. इकडे चेल्सीने २००४-०५ आणि २००५-०६ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडची लीग जिंकली. याला इतरही कारणे होती हे खरे. परंतु आज त्या जागेवर खेळणाऱ्यास इंग्लंडात मॅकेलेलेच्याच नावाने ओळखतात. हिऱ्यांचा हार करताना दोरा कापून टाकला, आणि हिरे जमिनीवर सांडल्यावर दोऱ्याची किंमत कळली!

आणि आता एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे, कारण ती न सांगता निवाडा देणे अप्रामाणिकपणाचे होईल. तीसएक वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो तेथील मुलांचा संघ आंतरशालेय सामन्यांसाठी निवडण्याचे काम मजकडे आले. संघात एक किरकोळ अंगाचा मुलगा मधे खेळत असे. त्याने वर्षभरात एकही गोल केला नव्हता. मी वही पाहिली, त्याच्या नावापुढे शून्य पाहिले, आणि त्याला वगळून एका दणकट, जोराने चेंडू मारणाऱ्या मुलास घेतले. तो मुलगा काही बोलला नाही. धुतलेला गणवेश मात्र घडी घालून माझ्या टेबलावर ठेवून गेला. सामन्यात आमची दुर्दशा झाली. परतताना गाडीत आमचा सर्वांत चांगला गोल करणारा मुलगा खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "गुरुजी, चेंडू आमच्यापर्यंत आलाच नाही." मी त्याला रागे भरलो. त्याचे म्हणणे समजावयास मला पुढे कित्येक वर्षे लागली. वगळलेल्या मुलाने मात्र नंतर शाळेच्या संघात पाऊल टाकले नाही.

असो. माणूस काढून पाहण्याचा हा मार्ग महागाचा आहे. दुसरा मार्ग स्वस्त आणि बहुधा अधिक विश्वसनीय: ज्यांचे पोट त्या खेळावर अवलंबून आहे ते कोणाला निवडतात ते पाहावे. प्रेक्षकाची चूक झाली तर तो घरी जाऊन जेवतो; प्रशिक्षकाची झाली तर त्याची नोकरी जाते. कुलासोंनी लॉरेन्सला वर्षानुवर्षे मधे ठेवले. ते घरचे म्हणून सोडून देऊ. परंतु बॉब हॉटन हे इंग्रज गृहस्थ, ज्यांनी १९७९ साली स्वीडनच्या माल्मो संघाला युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते, ते भारताचे प्रशिक्षक झाल्यावर त्यांनीही त्यालाच घेतले. त्यांना ना गोव्याचा अभिमान ना डेंपोचा.

आणि येथे एक गंमत घडली. २००८ च्या जुलैत हैदराबादेस ए.एफ.सी. चॅलेंज चषकाचा भारताचा पहिला सामना अफगाणिस्तानशी झाला. नव्वद मिनिटे संपली तरी गोलफलक कोराच. शेवटी वाया गेलेल्या वेळाच्या भरपाईत सामन्यातला एकमेव गोल झाला, आणि तो केला लॉरेन्सने! पुढे १३ ऑगस्टला दिल्लीत भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे हरविले. त्यांतले तीन गोल सुनील छेत्रीचे आणि एक बायचुंग भूतियाचा, त्यामुळे वर्तमानपत्रांत त्या दोघांची छायाचित्रे झळकली, आणि ते योग्यच. त्या विजयाने १९८४ नंतर प्रथमच, २०११ साली, भारत आशियाई चषकाच्या मुख्य स्पर्धेत दोहा येथे खेळला. तेथे तिन्ही सामने आपण हरलो. पण तेथवर जाण्याची पहिली पायरी एका हाफबॅकच्या पायाने चढली गेली होती.

हे मी पारावर सांगितले तेव्हा रेल्वेवाले हसून म्हणाले, "म्हणजे गुरुजी, शेवटी तुम्हीही गोलच मोजलात!" मी निरुत्तर झालो. त्यांचा टोला अचूक होता.

मग मी त्यांना एक अलीकडची गोष्ट सांगितली. २०२२ साली अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारिणीवर नामवंत खेळाडू म्हणून काही जणांना घेण्यात आले. पुरुषांत चौघे होते: शब्बीर अली, आय. एम. विजयन, बायचुंग भूतिया आणि क्लायमॅक्स लॉरेन्स. पहिले तिघेही आघाडीचे, गोल करण्यासाठी देशभर नावाजलेले. त्यांच्या पंक्तीला मधल्या फळीतला हा एकच. यावर रेल्वेवाले बराच वेळ काही बोलले नाहीत.

माझा निवाडा मी असा दिला. ज्यांना आठवून म्हातारपणी डोळे चमकावेत अशा खेळाडूंची यादी करावयाची असेल, तर लॉरेन्सला त्यात ओढूनताणून बसवू नये. तेथे बेटो शोभतो, रँटी शोभतो. परंतु उद्या सकाळी खरोखर मैदानात उतरावयाचा संघ निवडावयाचा असेल, तर त्याचे नाव अकरावे नव्हे, दुसरेतिसरेच लिहावे लागेल. तुमची यादी कोणती ते तुम्ही ठरवा.

गोवेकरांना हे फारसे रुचले नाही; त्यांना दोन्ही याद्यांत तो हवा होता. ज्या डेंपोसाठी एवढी भांडणे, तो क्लब २०१६ साली आय-लीगमधून बाहेर पडला आणि २०२४-२५ च्या मोसमात तीत परतला, याचीही आठवण त्यांनी या निमित्ताने काढली. रेल्वेवाल्यांनी चष्मा पुसला, कागद मांडीवर घेतला आणि अकराव्या जागी शिसपेन्सिलीने नाव लिहिले. शाईने लिहा असे गोवेकर म्हणाले. "पेन्सिलच बरी," ते म्हणाले, "अजून मी पुरता हरलेलो नाही."

तो कागद सध्या माझ्या घरी, पंचांगात ठेवलेला आहे.