कचेऱ्याच का पेटल्या? संगोळ्ळी रायण्णाच्या बंडाची उकल

बेळगावहून खानापूरमार्गे गोव्याकडे येताना नंदगड फारसे दूर राहत नाही. याच गावी 26 जानेवारी 1831 रोजी संगोळ्ळी रायण्णाला फाशी देण्यात आली. त्याच्या शौर्याच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात. पण त्याने हल्ल्यासाठी लष्करी ठाण्यांइतक्याच सरकारी कचेऱ्या का निवडल्या, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

या बंडाचे मूळ कित्तूर संस्थानात आहे. 1824 साली तेथील संस्थानिक निपुत्रिक वारला. दत्तकविधान कंपनी सरकारने अमान्य केले. 23 ऑक्टोबर 1824 रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या किल्ल्यासमोर मारला गेला. डिसेंबरात किल्ला पडला आणि राणी चन्नम्मा बैलहोंगल येथे बंदिवासात गेली. तेथेच 1829 साली तिचा अंत झाला.

रायण्णा हा कित्तूरच्या पदरी असलेला शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे चाकरीच्या मोबदल्यात जमीन कसणारा शिपाई. राज्य गेले तशी चाकरी गेली आणि चाकरीपोटी मिळालेल्या जमिनींवरही गंडांतर आले. काही जमिनी जप्त झाल्या, उरलेल्यांवर सारा बसला. हा बदल तलवारीने नव्हे, दप्तरातील नोंदीने घडला होता. साहेब दूर धारवाडला. गावकऱ्याला सरकार दिसे ते मामलेदार आणि कुलकर्णी यांच्या रूपात.

म्हणूनच 1829-30 मध्ये रायण्णाच्या टोळ्यांनी बिडी येथील कचेरी जाळली, खजिन्यांवर हात टाकला आणि जमीन-महसुलाचे कागद नष्ट केले. कित्तूरच्या दत्तक वारसाला गादीवर बसविणे हा त्यांचा जाहीर हेतू होता. मात्र शेतसनद्यांना एकत्र आणणारी गोष्ट जमीन हीच होती.

या मार्गाला मर्यादाही होती. कचेरीत बसणारा कारकून याच मुलखातील माणूस असे. कंपनीनेही सैन्याबरोबरच स्थानिक हस्तकांचा आधार घेतला आणि 1830 साली रायण्णा फितुरीनेच पकडला गेला. गावे दोन्ही बाजूंनी दुभंगली होती.

गोमंतकीयांना हे चित्र अपरिचित नाही. 1852 साली सत्तरीत दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिले. तेथेही जमिनीचे परंपरागत हक्क आणि नवी करआकारणी हाच सल होता.

आजही कडोलीपासून खानापूरपर्यंतचा शेतकरी जमिनीच्या उताऱ्यावरील आपले नाव डोळ्यांत तेल घालून तपासतो. कागदावरची एक ओळ पिढ्यांची जमीन हिरावू शकते, हे या मुलखाने दोनशे वर्षांपूर्वीच अनुभवले आहे. कचेऱ्यांना लागलेल्या आगीचा अर्थ त्या अनुभवातच शोधावा लागतो.