बोंडअळीच्या सापळ्यात दुसरा पतंग का येत नाही?

कपाशीच्या शेतात काठीला लटकणारी प्लास्टिकची पिशवी आणि छत्रीखाली अडकवलेली छोटी गोळी, म्हणजे कामगंध सापळा. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात 8 नर पतंग सापडले, की गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करावा, असा सल्ला दिला जातो. पण शेतात पतंग तर अनेक जातींचे असतात. मग सापळ्यात बहुतांशी गुलाबी बोंडअळीचेच नर का?

उत्तर गोळीतल्या गंधात आहे. मादी पोटाच्या टोकावरील ग्रंथीतून गंध सोडते. बोंडअळीच्या गंधात दोन रसायने साधारण निम्मी-निम्मी असतात. दोन्हींतले अणू सारखेच, फक्त एका बंधापाशी रेणूचा बाक वेगळा. नर नेमके हे मिश्रण ओळखतो.

प्रमाण ठरवते कोण?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर मिळाले ते युरोपातील मक्याच्या खोडकिडीत. दिसायला सारख्या असलेल्या या किडीचे दोन प्रकार आहेत. दोघींची रसायने तीच, पण एकीत 97 टक्के ‘झेड’ आणि 3 टक्के ‘ई’, तर दुसरीत 99 टक्के ‘ई’. 2010 मध्ये संशोधकांना यामागचे जनुक सापडले. शरीरातील साध्या स्निग्धाम्लापासून गंध बनताना एक विकर त्याचे अल्कोहोल करते. हे विकर बनवणाऱ्या जनुकाच्या दोन आवृत्त्या आहेत, आणि प्रत्येक आवृत्ती वेगळ्या बाकाचा रेणू जास्त पसंत करते. बस, एवढाच फरक!

गंमत पुढे आहे. नराची आवड याच जनुकावर असेल, असे कुणालाही वाटेल. तसे नाही. ती ‘बॅब’ नावाच्या वेगळ्याच जनुकाशी जोडलेली आहे, हे 2021 मध्ये स्पष्ट झाले. म्हणजे मादीचा गंध बदलला, तरी नराची पसंती आपोआप बदलत नाही. वेगळ्या गंधाची मादी एकटी पडते.

शेतकऱ्याला हा दिलासाच. पण पूर्ण नाही. कोबीवरील उंटअळीच्या प्रयोगशाळेतील वसाहतीत एकाच जनुकातील बदलाने माद्यांचा गंध बदलला होता; अनेक पिढ्यांनंतर तिथले नरही नव्या गंधाकडे येऊ लागले. म्हणून केवळ सापळ्यातील आकड्यावर विसंबू नये, हिरवी बोंडेही फोडून पाहावीत. आणि एका किडीची गोळी हाताळलेल्या हाताने दुसरीची गोळी लावू नये. बोटांना लागलेला गंध मिश्रण बिघडवतो.