बांधून ठेवलं म्हणजे सांभाळलं, असं होत नाही

वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रांबद्दल बोलणं निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : "रात्री हात बांधतात जरा, पण पडण्यापेक्षा बरं ना?" कधी ते व्यवस्थापक म्हणतो, कधी मुलगा, कधी सून. त्यांच्या मनात वाईट नसतं. आई एकदा बाथरूममध्ये पडलेली असते, खुब्याचं ऑपरेशन झालेलं असतं, आणि तो प्रसंग पुन्हा कुणालाच नको असतो. पण कॉटच्या दांडीला ओढणीनं किंवा बँडेजपट्टीनं मनगट बांधल्यानं माणूस सुरक्षित राहतो, हा समज साफ चुकीचा आहे. इतकी वर्षं पुरावा समोर असताना तो टिकून आहे, याची चीड येते.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातील बारा शुश्रूषागृहांमधल्या ३९७ वृद्धांचा अभ्यास १९९२ साली 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना कधीच बांधलं नव्हतं, त्यांच्यापैकी पाच टक्के लोकांना पडून गंभीर इजा झाली. ज्यांना बांधलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण सतरा टक्के निघालं. "बांधलेले मुळातच जास्त आजारी असतील" ही शंका रास्त आहे. संशोधकांनी असे इतर घटक हिशेबात घेऊन पुन्हा पाहिलं, तरी संबंध कायम राहिला.

कॉटच्या कठड्यांचंही तेच. गोंधळलेला माणूस कठडा पाहून थांबत नाही. तो त्यावरून चढतो आणि अधिक उंचीवरून पडतो, नाहीतर गादी आणि कठडा यांच्या फटीत मान किंवा छाती अडकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे (एफडीए) १९८५ ते २००९ या काळात अशा अडकण्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली. त्यांतली ४८० माणसं दगावली. ज्या साधनावर आपण डोळे मिटून विश्वास टाकतो, त्याची ही नोंद आहे.

शिवाय बांधलेल्या माणसाचे पाय झिजतात. धडधाकट वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेला प्रयोग २००७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. दहाच दिवसांत त्यांच्या पायांतला स्नायूंचा ऐवज जवळजवळ एक किलोनं घटला होता. आता महिनोन् महिने बांधलेल्या आजोबांचा विचार करा. ज्या दिवशी कुणी त्यांना सोडेल, त्या दिवशी ते उभं राहताच कोसळतील, आणि मग म्हटलं जाईल, "बघा, म्हणूनच बांधत होतो."

खरा प्रश्न विचारायचा तो हा : माणूस रात्री उठतो कशासाठी? बहुतेकदा लघवीसाठी. कधी दुखतंय म्हणून, कधी तहान लागली म्हणून. लघवीची गोळी संध्याकाळी दिलेली असते, चप्पल गुळगुळीत असते, दिवा बंद असतो, चष्मा कपाटात असतो, उठताक्षणी रक्तदाब खाली येतो. यातली प्रत्येक गोष्ट दुरुस्त करता येते. डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलता येते. झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्री मावशींना स्वतःहून बाथरूमला नेता येतं. कॉट बुटकी घेता येते. त्यासाठी रात्रपाळीला जागं माणूस लागतं, आणि ते परवडत नाही म्हणून ओढणी वापरली जाते. आपल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं, केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून रुग्णाला बांधायला मनाई केली आहे. तो कायदा मानसिक आरोग्य संस्थांसाठी आहे हे मान्य. पण स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला त्याहून कमी संरक्षण का मिळावं, याचं उत्तर मला कुणी दिलेलं नाही.

दोरी दिसत नसली तरी बांधणं चालू असू शकतं. "रात्री शांत झोपतात हो" या वाक्यामागे पुष्कळदा क्वेटियापिन किंवा ओलान्झापिन अशी मनोविकारावरची गोळी असते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांमध्ये अशा औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा एफडीएनं २००५ साली दिला. त्या इशाऱ्यामागच्या सतरा चाचण्यांच्या विश्लेषणात साधारण दहा आठवड्यांत औषध घेणाऱ्यांपैकी साडेचार टक्के दगावले, नुसती निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. काही रुग्णांना ही औषधं लागतात, आणि ती परस्पर बंद करू नयेत. पण ती का चालू आहेत हे विचाराच. एकाएकी चिडचिड वाढली तर आधी लघवीतला संसर्ग, बद्धकोष्ठ आणि दुखणं तपासायला हवं.

बाकीचे समज थोडक्यात. "या वयात बेडसोर होणारच" : बहुतेक टाळता येतात. एअर मॅट्रेस असली तरी कूस बदलावीच लागते, आणि लाल झालेल्या जागी चोळून मालिश केल्यानं नुकसान वाढतं. "पाणी कमी दिलं की डायपर कमी लागतात" : डायपर वाचतील, पण संसर्ग आणि भ्रम ओढवेल. "जेवत नाहीत, सलाईन लावा म्हणजे ताकद येईल" : पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, फार तर एका चपातीएवढी ऊर्जा, नॉर्मल सलाईनमध्ये तर शून्य. "फी जास्त म्हणजे सेवा चांगली" : फीमध्ये रात्रपाळीची माणसं किती, ते आधी विचारा.

आणि "आमच्याकडे कुणी पडतच नाही" असं सांगणाऱ्या केंद्रावर तर मुळीच विश्वास ठेवू नका. चालती-फिरती वृद्ध माणसं कधीतरी पडतात. चांगल्या केंद्रात त्याची वही असते : कोण, किती वाजता, कुठे पडलं, आणि नंतर काय बदललं. ती दाखवायला सांगा. दर महिन्याच्या वजनाची नोंद पाहा. रात्री नऊनंतर, न कळवता एकदा जा, आणि पांघरूण बाजूला करून मनगटं पाहा.