बरे वाटते, तेव्हाच जपायचे

सोळा वर्षांची मुलगी पहाटे तीनला उठून कपाट आवरायला घेते. पाच वाजता भिंतीवर चित्र काढते. सहा वाजता स्वतःचा व्यवसाय काढायचा बेत आईला एका दमात सांगते. चार रात्री मिळून दहा-बारा तासही झोप नाही, तरी चेहऱ्यावर थकवा नाही. आजी म्हणते, ‘‘पोर किती हुशारीत आलीय!’’ दोन महिन्यांपूर्वी हीच मुलगी अंथरुणातून उठत नव्हती, केस विंचरत नव्हती, शाळेचे नाव काढले की रडत होती. त्यामुळे घरातल्या सगळ्यांना हा बदल म्हणजे सुटका वाटते. पुष्कळ घरांत बायपोलर आजार असा आनंदाच्या वेषात येतो आणि ओळखायला उशीर होतो.

या आजारात मनःस्थिती दोन टोकांना जाते. एका टोकाला खोल नैराश्य, दुसऱ्या टोकाला उन्माद. उन्मादात बोलणे सुसाट होते, पैसे उधळले जातात, धोक्याची जाणीव राहत नाही. कधी आनंदाऐवजी नुसता संतापच दिसतो. वयात येणाऱ्या मुलांचे रुसवे-फुगवे तासा-दोन तासांत निवळतात. उन्माद मात्र सलग कित्येक दिवस टिकतो. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. आईचे लाड किंवा वडिलांचा धाक यांमुळे तो होत नाही. अपराधीपणाचे ओझे पालकांनी आधी उतरवून ठेवावे, कारण पुढे वाहायला दुसरी ओझी बरीच आहेत.

पहिली खूण झोपेत

झोप न लागणे आणि झोपेची गरजच न वाटणे यांत मोठा फरक आहे. चिंतेने जागणारी मुलगी सकाळी गळून जाते. उन्मादाकडे निघालेली तीन तास झोपूनही ताजीतवानी असते. म्हणून बहुतेक मानसोपचारतज्ज्ञ पालकांना एक साधी वही ठेवायला सांगतात. झोपली कधी, उठली कधी, मनःस्थिती कशी, गोळी घेतली का, एवढेच रोज लिहायचे. महिनाभरानंतर त्या वहीतून डॉक्टरांना जे दिसते, ते दहा मिनिटांच्या भेटीत सांगून होत नाही. गणपतीतली जागरणे, नवरात्रातला गरबा, परीक्षेच्या रात्री यांचा परिणामही त्यात उमटतो. मुलीला सणापासून तोडायचे कारण नाही. पण घरी परतायची वेळ आधीच ठरलेली बरी.

गोळी आणि पाणी

नैराश्य दिसले म्हणून केवळ नैराश्याची गोळी सुरू झाली, तर काहींमध्ये उन्माद उसळू शकतो. म्हणून आधीचा उत्साहाचा काळ डॉक्टरांना आवर्जून सांगावा. उपचारात मनःस्थिती स्थिर ठेवणारी औषधे मुख्य असतात. त्यांतले सर्वांत जुने लिथियम. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला आणि आजही ते महत्त्वाचे औषध आहे.

मात्र लिथियमची उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे असते. म्हणून रक्तातील प्रमाण तपासावे लागते. आधीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी आणि सकाळची गोळी घेण्यापूर्वी रक्त द्यायचे असते. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही ठरावीक काळाने होतात. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. एप्रिल-मेचा घाम, जुलाब-उलट्या, निर्जळी उपवास, एकदम मीठ सोडणे या गोष्टी त्यामुळे साध्या राहत नाहीत. मासिक पाळीत पोट दुखते म्हणून घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळीनेही लिथियम वाढते. तिथे काय चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. हात जोरात थरथरणे, तोल जाणे, बोलणे अडखळणे, उलट्या दिसल्या तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठावे.

मुलगी असेल तर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणात घेतले, तर सुमारे दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळते. त्यामुळे किशोरवयीन मुलींसाठी शक्यतो दुसरा पर्याय शोधला जातो. मात्र चालू असलेले औषध घाबरून स्वतःहून बंद करू नये.

‘मी बरी आहे ना, मग?’

सर्वांत कठीण दिवस आजाराचे नसतात, बरे झाल्यानंतरचे असतात. सहा महिने सगळे सुरळीत चालले की मुलगी विचारते, ‘‘आई, मी बरी आहे ना, मग गोळी कशाला?’’ तिला वजन वाढल्याचे दुःख असते, मैत्रिणींपासून लपवायचा कंटाळा आलेला असतो. कधी तिला उन्मादातला तो झळाळता वेगही हवाहवासा वाटतो. लिथियम अचानक थांबवले, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. ‘‘डॉक्टरांनी सांगितलंय ना!’’ एवढे उत्तर इथे पुरत नाही. तिची तक्रार खरी मानून ती तिच्याच तोंडून डॉक्टरांपर्यंत पोहोचली, तर मात्रा किंवा औषध बदलण्याचा मार्ग निघतो.

सुरुवातीला गोळ्या आईच्या ताब्यात आणि कुलपात असाव्यात. पुढे आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी मुलीने भरायची, आईने फक्त बघायचे. मग वही मुलीने लिहायची. अठराव्या वर्षी आजार संपत नाही, पण तोवर तो तिचा तिला ओळखता आला पाहिजे. घरातली भांडणे आणि टोमणे कमी झाले, तर आजार उलटण्याचे प्रमाणही घटते. म्हणूनच उपचारात कुटुंबाच्या समुपदेशनाला जागा असते. मुलगी हसली की ‘आजार वाढला का?’ असे रोज विचारणेही टाळायला हवे. तिला साधा आनंद होऊ शकतो.

शाळेत एका विश्वासू शिक्षिकेला कल्पना द्यावी. मुलगी मरणाची भाषा बोलू लागली, निरोप घेतल्यासारखी वागू लागली, तर तिला एकटे न सोडता तातडीने डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. ताण असह्य झालेले आई-वडीलही तिथे फोन करू शकतात.