बंद कॉलेज आणि जातीचा पहारा

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे कॉलेजांना कुलूप लागले. परीक्षा, निकाल, ऑनलाइन वर्ग यांवर खूप लिहिले गेले. पण त्या कुलपाआड तरुण मुलामुलींचे प्रेमही कोंडले गेले. त्यावर आम्ही चळवळीतले लोकही बोललो नाही. आम्हाला लाज वाटली.

ताडोब्याच्या जंगलालगतच्या मोहर्लीसारख्या गावातली मुलगी चंद्रपूरला शिकायला जाते, तेव्हा ती नुसती पदवी मिळवत नाही. दुसऱ्या जातीच्या मुलाशी बरोबरीने बोलणे, मैत्री करणे, होकार किंवा नकार देणे हेही ती तिथेच शिकते. गावात वस्त्या जातीने वाटलेल्या, आणि सगळ्यांचे डोळे मुलीवर. कॉलेज बंद झाले आणि ती त्याच डोळ्यांखाली परत आली. घरात एकच मोबाईल, तोही भावाच्या हातात. मनातले बोलावे कुणाशी? शरीराविषयीची शंका विचारावी कुणाला? त्यात पन्नास पाहुण्यांच्या मर्यादेमुळे लग्न स्वस्तात उरकता येऊ लागले. आणि घरच्यांनी जमवलेले लग्न बहुधा जातीतच होते.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातीचे निर्मूलन' या पुस्तकात आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय सांगितला. पण ओळखच झाली नाही, तर असा विवाह होणार कुठून?

म्हणून आमचे म्हणणे आहे : पुन्हा टाळेबंदी आलीच, तर कॉलेज आणि वसतिगृह सर्वांत शेवटी बंद व्हावे, सर्वांत आधी उघडावे. ही मागणी चळवळीने करावी. आणि मुलीवरचा पहारा उठवण्याची सुरुवात आपल्याच घरापासून करावी.