महामाया कशाने गेल्या? आई-बाळाच्या आरोग्यात 'का' विचारण्याची सवय

सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया वारल्या, हे विहारात वाढलेल्या लहान मुलालाही ठाऊक असते. आजच्या आरोग्य खात्याच्या भाषेत तो 'माता मृत्यू' ठरला असता. गरोदरपणात, बाळंत होताना किंवा त्यानंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने किंवा त्यामुळे बळावलेल्या आजाराने बाई दगावली तर ती नोंद माता मृत्यू म्हणून करायची असते. अपघात त्यात धरत नाहीत.

महामाया कशाने गेल्या? रक्तस्राव, जंतुसंसर्ग, झटके, यांपैकी काहीही असू शकते. आता ते कळायला मार्ग नाही. परंपरेने मात्र उत्तर देऊन टाकले आहे. बोधिसत्त्वाची आई सातव्या दिवशी जातेच, तसा नियमच आहे! एकदा नियम म्हटला की पुढे विचारायला काही उरत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना हा नियम पुढे चालवला नाही. महामाया अचानक आजारी पडल्या, आजार बळावला, असे साधे सांगितले. आजार म्हटला की त्याला कारण आले, आणि कारण आले की उपायाची शक्यता आली. प्रतीत्यसमुत्पाद आपण याहून वेगळा काय शिकतो?

कालाम सुत्त आपल्या प्रत्येक भाषणात असते. पण वस्तीतली एखादी लेक बाळंतपणात गेली की आपल्याकडे दोनच वाक्ये ऐकू येतात. 'तिच्या अंगात रक्तच नव्हतं', नाहीतर 'डॉक्टरांनी मारली'. दोन्ही खरी असू शकतात. पण दोन्हींनी चौकशी तिथेच थांबते. रक्त कमी होते हे कितव्या महिन्यात कळले, गोळ्या मिळाल्या का, पोटात गेल्या का, घरून निघायला किती वेळ लागला, पहिल्या दवाखान्याने का पाठवून दिले, पुढच्या ठिकाणी रक्ताची पिशवी किती वाजता चढली, हे कोणी लिहून ठेवत नाही. तेराव्याला जशी माणसे पांगतात तसे आपणही जलदान विधी आटोपला की पांगतो.

'संशोधन संस्कृती' हा शब्द जड वाटतो, पण तिचा अर्थ एवढाच की प्रत्येक घटना मोजायची, सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजायची, का घडली ते विचारायचे, एक उपाय करून पाहायचा, तो केला तिथली आणि नाही केला तिथली स्थिती ताडून पाहायची, आणि निकाल आपल्या मताविरुद्ध गेला तरी जाहीर करायचा. हे काम फक्त मोठ्या प्रयोगशाळेत होते असा समज असेल तर गडचिरोली आणि बेळगावकडे पाहावे.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ मध्ये नवजात बाळांची मोजणी सुरू केली. जन्मलेल्या बाळाला पहिल्या महिन्यात काय होते, हे गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायका घरोघरी जाऊन लिहीत. त्यातून दिसले की निम्म्याहून अधिक बाळांना उपचाराची गरज होती आणि डॉक्टरपर्यंत पोचलेली बाळे शंभरात तीनसुद्धा नव्हती. मग याच बायकांना, आरोग्यदूतांना, श्वास मोजायला शिकवले. मण्यांचे साधन आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ घेऊन थोडी शिकलेली बाईसुद्धा बाळाचा श्वास किती जलद चालतो ते सांगू शकत होती. न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, उबेची पिशवी वापरणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे त्यांनी केले. खेड्यातल्या बाईच्या हाती इंजेक्शन द्यायचे का, यावर तेव्हा डॉक्टरमंडळींची नाराजी होती. उत्तर आकड्यांनी दिले. उपचाराची ३९ गावे आणि तुलनेची ४७ गावे ताडून पाहिली तेव्हा तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटलेला होता. हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. घरच्या बाळंतपणात पहिल्या दिवशीही येतात. देशभरातली ही पद्धत याच वह्यांमधून निघाली. आपल्या वस्तीत आशाताई सहाही वेळा येतात का, हे मात्र आपल्यापैकी किती जणांनी मोजले आहे?

बेळगावची कथा नर्सबाईंची आहे. बाळंतपणानंतर रक्त किती गेले हे सगळीकडे नजरेच्या अंदाजाने सांगितले जाई. तिथल्या संशोधकांनी बाळंतिणीच्या खाली पसरायची, टोकाला मापाच्या खुणा असलेली पिशवी जोडलेली प्लास्टिकची चादर वापरली. ताडून पाहिल्यावर नजरेचा अंदाज चादरीच्या मापापेक्षा ३३ टक्के कमी निघाला. म्हणजे 'थोडंसंच गेलं' म्हणताना प्रत्यक्षात बरेच गेलेले असायचे. त्याच भागात एएनएम सिस्टरांनी खेड्यातल्या बाळंतपणांत मिसोप्रोस्टॉलची गोळी देऊन पाहिली. इंजेक्शनला शीतपेटी लागते, सुई लागते. गोळीला काहीच लागत नाही. १६२० स्त्रिया या अभ्यासात होत्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २००६ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी याच कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत खुणांची चादर आणि तातडीचे सगळे उपचार एकत्र बांधून वापरले गेले. २०२३ च्या त्या निकालात गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले.

इथे चळवळीतला माणूस एक प्रश्न विचारेल, आणि विचारलाच पाहिजे. बेळगावच्या अभ्यासात निम्म्या बायकांना औषध नसलेली, फक्त दिसायला तशी गोळी दिली होती. हे न्याय्य होते का? संशोधकांचे म्हणणे असे की त्या वेळी गावातल्या बाळंतपणात सिस्टरांच्या हाती रक्तस्राव टाळणारे औषधच नव्हते, त्यामुळे कुणाचे मिळणारे काही काढून घेतले नाही. यावर जगभर वाद झाला. आमच्या मते असा वाद प्रसिद्धीनंतर होण्यापेक्षा अभ्यास सुरू होण्याआधी, आणि ज्या वस्तीतल्या बायका त्यात येणार त्या वस्तीच्या माणसांसमोर झाला पाहिजे. त्याला जागा आहे. माणसांवरच्या प्रत्येक अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार या समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य सदस्य, कायद्याचा जाणकार आणि समाजशास्त्र किंवा नीतिशास्त्राचा माणूस असावा लागतो. आपल्यात वकील आहेत, प्राध्यापक आहेत, विहार चालवणाऱ्या उपासिका आहेत. मेडिकल कॉलेजच्या समितीत यांपैकी कोण बसते, याची आपण कधी चौकशी केलेली नाही. मोर्चाला आपण हजारोंनी जमतो आणि जिथे निर्णय होतो त्या टेबलाजवळची खुर्ची मात्र रिकामी सोडतो.

नागपूरचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. दिवस भरण्याआधी कळा आलेल्या आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, हे श्रीमंत देशांतल्या मोठ्या रुग्णालयांत १९७२ पासून दिसत होते. मग ते खेड्यापाड्यांत का देऊ नये? सहा देशांत, नागपूर आणि बेळगावच्या परिसरासह, सुमारे एक लाख जन्मांवर हे करून पाहिले. २०१५ मध्ये निकाल आला आणि सगळे थबकले. ज्या लहान बाळांसाठी हा खटाटोप होता त्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत. एकूण बाळांचे मृत्यू उलट हजारामागे तीन-चारने अधिक होते आणि आयांमधला जंतुसंसर्गही वाढलेला दिसला. दिवस किती भरले याचा अंदाज चुकणे, नवजात बाळाच्या काळजीची सोय नसणे, अशी कारणे पुढे आली. त्यानंतर भारतासह पाच देशांतल्या २९ रुग्णालयांत, जिथे सोनोग्राफीने दिवस नक्की केले होते आणि बाळाची काळजी घेता येत होती, तिथे पुन्हा अभ्यास झाला. २०२० मध्ये आलेल्या त्या निकालात मात्र बाळे वाचली. औषध तेच, परिस्थिती वेगळी. मोठ्या शहरातले, मोठ्या नावाचे, ग्रंथात लिहिलेले म्हणून खेड्यात चालेलच असे नाही, हे कालामांना सांगितलेलेच आहे. नागपूरच्या आसपासच्या गावांनी त्याचा पुरावा दिला.

आता आपल्या समाजाचा हिशेब. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे ६५ लाख, म्हणजे देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यू देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३. हा ३३ चा आकडा अभिमानाने सांगितला जातो. पण त्यात जात नाही, धर्म नाही, तालुका नाही. त्या ३३ मध्ये धारणीची किती, भामरागडची किती, मुंबईच्या झोपडपट्टीतली किती, हे त्यातून कळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या महाराष्ट्र अहवालात निदान 'बौद्ध/नवबौद्ध' अशी वेगळी ओळ असते. तपासण्या किती झाल्या, बाळंतपण कुठे झाले, हे धर्मवार दिलेले असते. आपल्या अभ्यासवर्गांत ती ओळ कधी फळ्यावर आलेली आम्ही पाहिलेली नाही. आरक्षणाचे आकडे तोंडपाठ असणारे कार्यकर्ते या तक्त्यापाशी अडखळतात.

शिवाय काही गोष्टी कोणत्याच तक्त्यात येत नाहीत. २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रात जवळपास ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे 'घरीच ठेवली' हे जुने उत्तर आता पुरत नाही. दवाखान्यात पोचल्यावर तिला हात कोणी लावला, किती वेळाने लावला, कोणत्या शब्दांत बोलले, हा पुढचा प्रश्न आहे. प्रा. संघमित्रा आचार्य यांनी २०१० मध्ये गुजरात आणि राजस्थानच्या खेड्यांतल्या दलित मुलांना आरोग्यसेवेत कसे वागवले जाते याचा अभ्यास केला होता. स्पर्श टाळणे, ताटकळत ठेवणे, तुच्छ बोलणे यांसारख्या वागणुकीची त्यात पद्धतशीर नोंद आहे. बाळंतिणींबद्दल, आपल्या जिल्ह्यात, अशी नोंद कोण करणार? नाळ कापणे विटाळाचे काम म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ज्या जातींच्या सुईणींकडे देशात अनेक ठिकाणी ढकलले गेले, त्यांचे ज्ञान वापरले सगळ्यांनी आणि लिहून ठेवले कोणी नाही. तीच गोष्ट त्यांच्या नातींच्या बाबतीत होऊ द्यायची का?

बाबासाहेबांना हा विषय ऐकीव नव्हता. रमाई आणि त्यांची पाच अपत्ये. चार लहानपणीच गेली, राजरत्न १९२६ मध्ये. दोन वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतिणीची विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी मांडणी केली. १९२९ मध्ये तो कायदा झाला.

मग करायचे काय? एक दार आधीच उघडे आहे. प्रत्येक माता मृत्यूचे परीक्षण करण्याची सरकारी पद्धत आहे. गावात जाऊन घरच्यांशी बोलायचे, दवाखान्याचे कागद पाहायचे आणि निवडक प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवायची. त्या बैठकीत मृत स्त्रीच्या नातेवाइकांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकण्याची तरतूद आहे. तत्त्व असे की कुणाला शिक्षा करायला ही चौकशी नाही, पुढची बाई वाचवायला आहे. माहिती अधिकारात नावे न मागता एवढेच विचारता येते: गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात किती माता मृत्यू नोंदले गेले, किती प्रकरणांचे परीक्षण झाले, जिल्हाधिकाऱ्यांसमोर किती बैठका झाल्या, कितीत नातेवाईक हजर होते आणि काय सुधारणा ठरल्या.

दुसरे काम आपल्या मुलींचे. नर्सिंगला आपल्या मुली मोठ्या संख्येने आहेत. एम.एस्सी. नर्सिंगला प्रबंध लिहावाच लागतो. आधीच्या बॅचचा विषय गावाचे नाव बदलून पुन्हा करण्यापेक्षा विलंबाचा विषय घ्यावा. तीन ठिकाणी उशीर होतो: जायचे ठरवायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला. आपल्या तालुक्यात सर्वांत मोठा उशीर यांपैकी कुठे आहे, एवढे एक उत्तर पक्के मिळाले तरी रुग्णवाहिका मागायची की रक्तसाठा की रात्रपाळीचा डॉक्टर, हे ठरवता येईल.

सुरुवात करणाऱ्या गटाने जवळच्या मेडिकल कॉलेजातल्या पीएसएम विभागाशी आधी बोलावे, नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. वहीत सहा वेळा लिहायच्या: कळा किंवा त्रास सुरू झाला ती, जायचे ठरले ती, घर सोडले ती, पहिल्या ठिकाणी पोचली ती, तिथे कोणी तपासले ती, पुढे पाठवले असेल तर ती. बाळंतिणीची संमती तिच्याकडूनच घ्यावी, सासू किंवा नवऱ्याकडून घेऊन भागवू नये, आणि 'नको' म्हणाली तर उठावे. वहीत नावाऐवजी क्रमांक टाकावा, नाव-क्रमांकाची यादी वेगळी कुलुपात ठेवावी. आणि वाचलेल्या बायकांचीही नोंद करावी, फक्त गेलेल्यांची करू नये. रक्तस्राव होऊनही जी वाचली तिच्या बाबतीत कोण वेळेवर आले, हे तीच सांगू शकते.